'२०१०' : गूढ हरवलं की युरोपा सापडला?

सोलापुरातल्या एका वाचनगटाने विचारलं आहे : आम्ही आर्थर सी. क्लार्क यांची '२०१० : ओडिसी टू' ही कादंबरी वाचून संपवली आणि चर्चेत सरळ तट पडले. काहींचं म्हणणं, '२००१ : अ स्पेस ओडिसी'तलं गूढ या दुसऱ्या भागाने उलगडून टाकलं आणि त्यातली मजा गेली. काहींना पहिला भाग डोक्यावरून गेला होता, हा मात्र कळला आणि आवडला. एकदोघं म्हणाले, सोव्हिएत युनियन उरलं नाही, २०१० साल उलटून गेलं, आता हे वाचायचं कशाला? तर उत्तरार्ध म्हणून कादंबरी उतरली का, आणि पुढच्या बैठकीत काय बोलावं?

माझं आयुष्य भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलं. वर्गाबाहेर विज्ञानकथा वाचणाऱ्यांमध्ये बसणं हा तितकाच जुना उद्योग. '२०१०' या दोन्ही ठिकाणी वारंवार चर्चेला घेतली आहे आणि तुमच्याकडे पडले तेच तट दर वेळी पडलेले पाहिले आहेत. माझं मत आधी सांगतो. '२००१'ची पुढची गोष्ट म्हणून वाचली तर ही कादंबरी थोडी तोकडी वाटते. व्हॉयेजर यानांनी १९७९ साली जे दाखवलं त्याची पुढची गोष्ट म्हणून वाचली, तर तिची खरी उंची कळते.

'२००१' हा चित्रपट आणि ती कादंबरी, दोन्ही १९६८ची. तेव्हा गुरूच्या जवळपासही कुठलं यान गेलेलं नव्हतं. पहिलं पोचलं ते पायोनियर १०, डिसेंबर १९७३ मध्ये. त्याआधी गुरूचे चंद्र म्हणजे दुर्बिणीतले ठिपके. लेखकाने त्या ठिपक्यांवर काहीही रचावं, हरकत घ्यायला माहितीच नव्हती. मग ५ मार्च १९७९ रोजी व्हॉयेजर १ गुरूजवळून गेलं. त्यानंतर तीनचार दिवसांतच, दिशादर्शनासाठी घेतलेल्या एका छायाचित्रात मोहिमेतल्या अभियंत्या लिंडा मोराबिटो यांना आयो या चंद्राच्या कडेवर उंच उसळलेला फवारा दिसला. तो जिवंत ज्वालामुखी होता. पृथ्वीबाहेर पेटता ज्वालामुखी दिसण्याची ती पहिली वेळ. जुलैमध्ये व्हॉयेजर २ आलं आणि त्याने शेजारच्या युरोपा या चंद्राची जास्त जवळून छायाचित्रं घेतली : गुळगुळीत बर्फ, त्यावर आडव्यातिडव्या भेगा, आघातांची विवरं अगदी मोजकी. विवरं नाहीत याचा अर्थ पृष्ठभाग जुना नाही, काहीतरी तो पुन्हापुन्हा नवा करतं आहे.

हे 'काहीतरी' काय ते तुमच्या गटात नीट समजावून सांगा, कारण कादंबरीचा कणा तिथे आहे. आयो गुरूभोवती चार फेऱ्या मारतो तेवढ्यात युरोपाच्या दोन होतात आणि गॅनिमीड या तिसऱ्या चंद्राची एक. त्यामुळे हे तिघं ठरावीक वेळाने एकमेकांना त्याच त्याच जागी ओढतात आणि त्यांच्या कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाहीत, किंचित लंबगोल राहतात. चंद्र कधी गुरूच्या थोडा जवळ, कधी थोडा लांब. गुरूची ओढ त्या प्रमाणात कमीजास्त होते आणि चंद्राचं अख्खं शरीर दाबलं जातं, सुटतं, पुन्हा दाबलं जातं. या घुसळणीतून उष्णता निघते. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघा शास्त्रज्ञांनी आयो आतून वितळलेला असेल हे गणिताने मांडलं होतं आणि त्यांचा निबंध छापून आला व्हॉयेजर पोचायच्या तीन दिवस आधी. आयोला ही उष्णता जाळते. युरोपाला मात्र ती एवढीच मिळते, की वर बर्फ आणि खाली पाणी असं राहू शकतं.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९७७ साली, गालापागोस बेटांजवळ खोल समुद्रतळाशी गरम पाण्याचे झरे सापडले होते. तिथे सूर्यप्रकाशाचा कवडसाही पोचत नाही, आणि तरीही झऱ्यांभोवती जीवांची दाटी. या दोन गोष्टी शेजारी ठेवा : उजेडाशिवाय जगणारे जीव, आणि बर्फाखाली उबदार अंधार असलेला चंद्र. त्यातून जे सुचतं ते '२०१०'. ही कल्पना आपल्या एकट्याची नाही, युरोपावरच्या जीवसृष्टीचा विचार दुसऱ्याकडून आला, हेही क्लार्क यांनी पुस्तकात मोकळेपणाने सांगितलं आहे. कादंबरी आली १९८२ साली. म्हणजे मधल्या चौदा वर्षांत गोष्ट पुढे सरकली त्याहून आपलं ज्ञान पुढे सरकलं, आणि लेखक त्याच्या मागे गेला. विज्ञानकथेचा उत्तरार्ध असाच लिहावा असं मला मनापासून वाटतं.

शनी-गुरूचा घोळ इथेच मिटवतो. '२००१' कादंबरीत डिस्कव्हरी यान शनीकडे जातं. चित्रपटात ते गुरूशी थांबतं, कारण शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी करणं तेव्हाच्या कलाकारांना जमेना. '२०१०' चित्रपटातला गुरू धरते. क्लार्क यांनी स्वतःच हे भाग म्हणजे सरळ रेषेतली मालिका नाही, एकाच कल्पनेची वेगवेगळी रूपं आहेत असं म्हटलं आहे. यावर बैठकीतला वेळ घालवू नका.

आता गूढाचा मुद्दा. 'मजा गेली' म्हणणाऱ्यांनी एक यादी करून बघावी : दुसऱ्या भागाने नेमकं काय उलगडलं? डिस्कव्हरी यानावरच्या हॅल या संगणकाने माणसं का मारली, ते सांगितलं. पहिल्या भागाच्या शेवटी नाहीसा झालेला अंतराळवीर बोमन, त्याचं काय झालं, ते बरंचसं सांगितलं. पहिल्या भागातली ती परग्रहावरची काळी शिळा कुणी पाठवली, ते कोण, कसे दिसतात, कुठे आहेत? यातलं काही हाती लागत नाही. मोठं गूढ जागच्या जागी आहे. तरीही तक्रारीत तथ्य आहे, आणि मला ते बोमनच्या प्रकरणांत दिसतं. तो देहाशिवाय पृथ्वीवर येतो, जुन्या मैत्रिणीला दिसतो, मरणाला टेकलेल्या आईजवळ जातो. ही पानं मला ढिली वाटतात. पहिल्या भागात जो आपल्या समजुतीपलीकडे गेला होता, तो इथे ओळखीच्या भुतासारखा घरी परततो. पहिल्या भागाच्या चाहत्यांना इथे बोचत असेल तर त्यांचं बरोबर आहे.

पण युरोपावरचं प्रकरण घ्या. गुरूपाशी बेवारस पडलेल्या डिस्कव्हरीकडे निघालेली रशियन-अमेरिकी मोहीम वाटेत असताना चिनी यान 'त्सिएन' पुढे निघून जातं आणि युरोपावर उतरतं, इंधन म्हणून पाणी भरून घ्यायला. मग त्यातल्या एकट्या वाचलेल्या प्राध्यापक चांगचा आवाज रेडिओवर येतो. तो अंतराळपोशाखात आहे, यान उद्ध्वस्त झालं आहे, आपलं बोलणं कुणाला ऐकू जातं आहे की नाही हेही त्याला कळत नाही. तरी तो क्रमाने सांगत राहतो : बर्फातून काय वर आलं, ओल्या समुद्रशैवालासारखं सरपटत दिव्यांच्या उजेडाकडे कसं आलं, यानावर कसं चढलं, यान कसं कोसळलं. शेवटी त्याची मागणी दोन गोष्टींची. या जीवाचं शास्त्रीय वर्गीकरण होईल तेव्हा त्याला आपलं नाव द्यावं, आणि पुढचं यान येईल तेव्हा आमच्या अस्थी चीनला न्याव्यात.

हे प्रकरण मोठ्याने वाचा. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तकं मिटून ऐकायचं. यात भयकथेचा थरार आहेच, पण चांग घाबरून किंचाळत नाही. तो निरीक्षणं नोंदवतो, कारण मरायच्या आधी ती पोचली पाहिजेत. परक्या जीवाबद्दल त्याच्या बोलण्यात राग नाही. चीनमध्ये जखमींची सेवा करता करता १९४२ साली प्राण सोडलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावात हे प्रकरण ऐकलं जातं तेव्हा खोलीत वेगळीच शांतता होते, हे मी अनुभवलं आहे. दूर देशात कर्तव्य करता करता गेलेल्या माणसाची गोष्ट सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही.

१९८४ साली पीटर हायम्स यांनी या कादंबरीवर चित्रपट केला, त्यात हे चिनी यान नाहीच. गटातल्या कुणी चित्रपट पाहून कादंबरी वाचल्याचं मानलं असेल, तर त्यांना एवढं प्रकरण तरी जरूर वाचायला द्या. चित्रपटात अमेरिका आणि रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आहेत. कादंबरीत तसं काही नाही, यानातले रशियन आणि अमेरिकन पहिल्यापासून बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात. आणखी एक फरक आपल्याला लागणारा. हॅलचा निर्माता डॉ. चंद्रा कादंबरीत भारतीय आहे, पूर्ण नाव शिवसुब्रमण्यन चंद्रशेखरम्पिल्लै. पडद्यावर त्याचं भारतीयपण पुसून गेलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तेलुगूभाषक बाईंनी आमच्या चर्चेत यावर फार नेमकं बोट ठेवलं होतं. यंत्राशी आदराने, जिव्हाळ्याने बोलणारा एकच माणूस त्या यानात आहे आणि तो आपल्याकडचा आहे, हे लेखकाने उगाच केलं असेल का? क्लार्क १९५६पासून श्रीलंकेत राहत होते. १९७५-७६ मध्ये भारताने उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रयोग केला, तेव्हा इस्रोने क्लार्क यांच्या कोलंबोतल्या घरीही त्यासाठी अँटेना बसवून दिली होती. भारतीय शास्त्रज्ञ त्यांच्या रोजच्या ओळखीतले होते. चंद्रा कल्पनेतला असला तरी परका नाही.

हॅलबद्दल. पहिला भाग संपतो तेव्हा वाचकाच्या मनात हॅल हा खुनी असतो. दुसरा भाग सांगतो की त्याला दोन परस्परविरोधी आज्ञा दिलेल्या होत्या : माहिती जशीच्या तशी, काहीही न लपवता द्यायची हा त्याचा मूळ स्वभाव, आणि मोहिमेचा खरा हेतू सोबतच्या दोघा अंतराळवीरांपासून लपवून ठेवायचा हा वरून आलेला हुकूम. दोन्ही पाळणं अशक्य होतं. काही वाचकांना हे स्पष्टीकरण फार सोपं वाटतं. यंत्राचा वेडेपणा कळू नये यातच त्याची दहशत होती, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्यातल्या एका काकांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं होतं. ते म्हणाले, "मालक म्हणतो टॉवेलात दोष नको, मुकादम म्हणतो माग थांबवायचा नाही. धागा तुटला की दोन्ही कसं जमायचं? मग दोष येतो, आणि बोलणी खातो मागावरचा." हॅल इतका अचूक समजावलेला मी कुठल्या समीक्षेत वाचला नाही. दोष हुकूम देणाऱ्यांचा होता, आणि ते पृथ्वीवर सुरक्षित बसले होते. आज संगणकाला कामं सोपवण्याची घाई झालेल्या काळात पहिल्या भागातल्या हॅलच्या लाल डोळ्यापेक्षा हे स्पष्टीकरण मला जास्त अस्वस्थ करतं. चित्रपटात शेवटी चंद्रा हॅलला त्याच्यापुढचा धोका खरा खरा सांगतो आणि हॅल त्याचे आभार मानतो. चित्रपटाने केलेल्या बदलांपैकी मला मनापासून आवडलेला हा प्रसंग.

'जुनी झाली' या आक्षेपाला माझं उत्तर सरळ आहे. हो, राजकारण जुनं झालं. पण ते जुनं राजकारणही नीट बघा. हे पुस्तक दोघांना मिळून अर्पण केलेलं आहे : अलेक्सेई लिओनोव आणि आंद्रेई साखारोव. पहिला सोव्हिएत सरकारचा लाडका, १९६५ साली यानाबाहेर अंतराळात पाऊल टाकणारा जगातला पहिला माणूस, १९७५ साली अपोलो-सोयुझ भेटीत सोयुझचा कप्तान. दुसरा भौतिकशास्त्रज्ञ, त्याच सरकारने जानेवारी १९८०पासून गोर्की शहरात डांबून ठेवलेला. कादंबरीतलं यान पहिल्याच्या नावाचं, त्याचं इंजिन दुसऱ्याच्या. वर रशियन पात्रांना दिलेली आडनावं तिथल्या बंडखोर विचारवंतांची. १९८४ साली 'तेख्निका मोलोद्योझी' या रशियन मासिकात कादंबरी क्रमशः येऊ लागली, दोन हप्ते झाले, कुणाच्या तरी हे लक्षात आलं आणि प्रकाशन बंद पडलं. संपादकांना जागा सोडावी लागली. आपला राकेश शर्मा सोयुझमधून गेला तेच हे साल. एखादं पुस्तक आडनावांसाठी थांबवलं जातं, त्या काळाची नोंद म्हणूनही हे वाचण्यासारखं आहे.

विज्ञान मात्र जुनं झालेलं नाही. काही ठिकाणी ते अजून आपल्या पुढेच आहे. लिओनोव यान गुरूच्या वातावरणात घुसून, घर्षणाने वेग कमी करून कक्षेत शिरतं. आपल्या मंगळयानाला सप्टेंबर २०१४ मध्ये हेच काम करायला सुमारे २४ मिनिटं इंजिन चालवावं लागलं होतं. वातावरणात एकदाच बुडी मारून परक्या ग्रहाच्या कक्षेत शिरण्याचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. कादंबरीच्या शेवटी गुरूचा तारा होतो, ती मात्र साफ कल्पना आहे. तारा पेटायला गुरूसारखे साधारण ८० गुरू एकत्र करावे लागतील. कादंबरी वस्तुमान वाढवत नाही, त्या शिळा ग्रहाला दाबून घनता वाढवतात असं म्हणते. लेखकाला एवढी एक सूट द्यायला हरकत नाही.

आणि शेवटी पृथ्वीला मिळणारा तो निरोप : बाकीची सगळी जगं तुमची, युरोपा सोडून, तिथे उतरायचा प्रयत्न करू नका. तुमच्या पत्रात यावर अक्षर नाही याचं मला आश्चर्य वाटलं, कारण कादंबरीतला सगळ्यात अवघड प्रश्न याला चिकटलेला आहे. गुरूच्या ढगांत तरंगणारे जीव आहेत, असं बोमन पाहतो. युरोपाच्या समुद्रातल्या जीवांना पुढची संधी मिळावी म्हणून गुरू पेटवला जातो आणि ढगातली ती सगळी सृष्टी जळून जाते. हा निवाडा करणारे कोण? त्यांना तो अधिकार कुणी दिला? कादंबरी हे दोनचार ओळींत उरकते. मला हा तिच्यातला सगळ्यात मोठा दोष वाटतो, आणि चर्चेसाठी सगळ्यात मोठी देणगीही. पुढची बैठक यावरच घ्या. शिळा पाठवणाऱ्यांची बाजू एकाने मांडावी, गुरूच्या जीवांची दुसऱ्याने.

या चर्चेला खऱ्या जगातली एक घटना जोडा. गॅलिलिओ यान १९९५च्या डिसेंबरपासून गुरूभोवती फिरत होतं. युरोपाच्या बर्फाखाली खारट समुद्र असावा याचे चुंबकीय पुरावे त्यानेच दिले. इंधन संपत आलं तेव्हा प्रश्न पडला, हे बेवारस यान उद्या युरोपावर आदळलं तर? त्यावर पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तग धरून असतील तर? म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी ते मुद्दाम गुरूत सोडून नष्ट केलं. कुणी निरोप पाठवला नव्हता, माणसांनीच ठरवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर हे यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचणं अपेक्षित आहे. ते युरोपाजवळून ४९ वेळा जाईल, उतरणार नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या 'जूस' यानाचा मुक्काम गॅनिमीडभोवती असेल, युरोपाला ते दोनदा ओझरतं भेटेल. कादंबरी शिळी झाली म्हणणाऱ्यांना मी या तारखा दाखवतो.

जमलं तर गुरू आकाशात चढलेला असेल अशा रात्री हिप्परगा तलावाच्या बाजूला, शहराच्या दिव्यांपासून दूर, एक साधी दुर्बीण घेऊन जा. तिवईवर घट्ट बसवलेली दुर्बीण असली म्हणजे झालं. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चार ठिपके दिसतील, कधी तीनच, कारण एखादा मागे दडलेला असतो. त्यातला युरोपा कोणता हे त्या दिवशीच्या तक्त्यावरून आधी काढून ठेवा. साडेतीन दिवसांत त्याची फेरी पुरी होते, त्यामुळे दुसऱ्या रात्री तो सरकलेला दिसतो. कादंबरी न वाचलेल्या माणसालाही एवढ्याने ती वाचावीशी वाटते, हे मी पाहिलं आहे.

इंग्रजी झेपेल का, असं गटातल्या मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटत असेल तर सांगा, प्रकरणं लहान आहेत, भाषा सरळ आहे, पहिली पन्नास पानं नेटाने काढली की पुढे अडत नाही. पहिला भाग आधी वाचलाच पाहिजे असंही नाही. पुढचे दोन भाग, '२०६१' आणि '३००१', यांत मात्र धार कमी होत जाते. युरोपावरच्या हिऱ्याच्या डोंगरासाठी '२०६१' चाळायला हरकत नाही. त्यापेक्षा जयंत नारळीकरांची 'प्रेषित' घ्या. इथे आपण परक्या जगाच्या दारात जातो, तिथे परक्या जगातला पृथ्वीवर येतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर तुमच्या गटाला दोन बैठका पुरणार नाहीत.